आठ मिनिटांचा फॉरवर्ड

बार्देशातल्या एका आईचं पत्र आहे. मुलगा साडेसतरा वर्षांचा. गावच्या लाल मातीच्या मैदानावर हॉकी शिकला, पुढे म्हापशात पेडेच्या टर्फवर जाऊ लागला. सोळा वर्षांखालच्या गटात त्याने गोलांचा सपाटा लावला. मग एका व्यावसायिक संघाच्या अकादमीने राहणं, जेवण, शिक्षण आणि महिन्याला थोडं मानधन देऊन त्याला गोव्याबाहेर नेलं. त्याला दीड वर्ष झालं. आधी सेंटर फॉरवर्ड (आघाडीचा मधला खेळाडू), मग उजवी बगल, म्हणजे मैदानाची उजवी कड, आणि आता ‘उंची चांगली आहे, ड्रॅगफ्लिक शीक’ असं फर्मान. ड्रॅगफ्लिक म्हणजे पेनल्टी कॉर्नरवर चेंडू स्टिकने ओढत गोलात भिरकावण्याचा फटका. मोठ्यांच्या संघात ज्युनियर म्हणून नाव असतं, पण खेळायला मिळतात सात-आठ मिनिटं. व्यायामशाळेत घालून सहा किलो वजन वाढवलंय. पाठ ‘मध्येच धरते’. चवथीला घरी आला तेव्हा स्टिक पिशवीतून बाहेरसुद्धा काढली नाही. वडील म्हणतात, नाव मोठं आहे, कळ सोस, उद्या रेल्वेत लागशील. आईला वाटतं, पोराचं वाटोळं चाललंय. ‘परत आणू का? सरांशी बोलू का? बोललो तर त्याच्यावरच डूख धरतील का?’

ताई,

तुमच्या पत्रातली सगळ्यात तातडीची गोष्ट तुम्ही अर्ध्या ओळीत उरकली आहे, ती म्हणजे पाठ. बाकीचं सगळं पंधरा दिवस थांबलं तरी चालेल, हे थांबणार नाही. ड्रॅगफ्लिक मारताना डावा पाय पुढे रोवायचा, अंग खाली झुकवायचं आणि कंबर पिळत चेंडू ओढायचा असतो. वाढत्या वयाच्या मुलाने हा सराव एकदम वाढवला तर सगळा पीळ कमरेच्या मणक्यावर त्याच त्या जागी पडतो आणि मणक्याच्या मागच्या बारीक हाडाला चीर जाऊ शकते. त्याला फोनवर एवढंच करून बघायला सांगा: एका पायावर उभं राहून मागे वाकल्यावर कमरेत एका बाजूला टोचतं का? टोचत असेल, किंवा दुखणं दोन-तीन आठवड्यांहून जुनं असेल, तर मलम आणि मालिश बास, हाडांच्या डॉक्टरांकडे जायचं. सुरुवातीची चीर साध्या एक्स-रेत पुष्कळदा दिसत नाही, म्हणून ‘एमआरआय काढायला हवा का?’ हे स्पष्ट विचारायचं. अकादमीचे फिजिओ ‘स्नायू आखडलाय’ म्हणत असतील तर तसं असेलही. पण दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्यायला त्यांची परवानगी लागत नाही. सुट्टीत आला की बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) दाखवू, असा विचार असेल तर तो सोडा, आहे त्याच शहरात दाखवू दे. निदान होईपर्यंत फ्लिक पूर्ण बंद. हे सांगताना आढेवेढे नकोत.

आता आठ मिनिटं. तुम्ही लिहिलंय की सुरुवातीच्या अकरांत त्याचं नाव कधीच नसतं. हॉकीत या गोष्टीला फारसं महत्त्व नाही, कारण बदली खेळाडू कितीही वेळा आतबाहेर करता येतात. फॉरवर्ड तर चार-सहा मिनिटं जीव खाऊन धावतात, बाहेर येऊन दम खातात आणि पुन्हा आत जातात. सुरुवात कोण करतो ते बघू नका, एकूण किती खेळतो ते मोजा. सामना पंधरा-पंधरा मिनिटांच्या चार सत्रांचा, म्हणजे 60 मिनिटं. पुढे तीन जागा धरल्या तर वाटायला 180 मिनिटं असतात. संघात सहा फॉरवर्ड असतील तर सरासरी प्रत्येकी 30, पाच असतील तर 36. सतरा वर्षांच्या मुलाला मोठ्यांत 15 ते 20 मिनिटं मिळत असतील तर रडू नये. आठ मिनिटं म्हणजे जेमतेम दोन फेऱ्या. पहिल्या फेरीत सामन्याचा वेग अंगात भिनायचा असतो, दुसऱ्या फेरीत चेंडू स्टिकला लागेपर्यंत परत बोलावणं येतं.

तरीही नुसत्या आकड्यावरून ‘वाटोळं’ ठरवू नका. खरा प्रश्न वेगळा आहे: उरलेल्या आठवड्यात तो सामने खेळतो का? मोठ्यांबरोबर आठ मिनिटं आणि त्याच आठवड्यात ज्युनियर संघाकडून पंचेचाळीस, असं असेल तर ती शाळा चांगली चाललीय. तो मोठ्यांत बघून शिकतोय आणि लहानांत करून बघतोय. पण मोठ्यांच्या संघात नाव आहे म्हणून ज्युनियर सामन्यांतून काढलाय आणि मोठ्यांत बसवून ठेवलाय, असं असेल तर मात्र तुमचं म्हणणं खरं. होतकरू फॉरवर्ड बहुतेक वेळा असेच बिघडतात. बिघाड बाकावर बसण्यातून येत नाही, कुठेच न खेळण्यातून येतो. वर्षभर सामने न खेळलेल्या फॉरवर्डचा पहिला स्पर्श आणि ‘डी’मधला, म्हणजे गोलसमोरच्या अर्धवर्तुळातला, निर्णय दोन्ही मंदावतात, आणि ते सरावात कळत नाही, कारण सरावात बचावपटू त्याला ओळखीचेच असतात.

त्याला एक साधी वही घालायला सांगा. एका सामन्याला एक ओळ: किती मिनिटं, त्या वेळी गुणफलक काय होता, ‘डी’त चेंडू किती वेळा स्टिकवर आला, गोलवर फटके किती, पेनल्टी कॉर्नर (समोरच्या बचावाच्या चुकीबद्दल मिळणारी गोलची संधी) किती मिळवून दिले, समोरच्याकडून चेंडू किती हिसकावले. गोल लिहूच नका. ‘डी’ची कमान गोलपासून 14.63 मीटरवर असते आणि मैदानी गोल तिच्या आतूनच होतो, त्यामुळे फॉरवर्डच्या बाबतीत पहिला प्रश्न ‘तिथे चेंडू मिळतो का’ हा. पाच-सहा सामन्यांत एकदाही मिळाला नसेल तर दोष मधल्या फळीचा असू शकतो, किंवा तो चुकीच्या वेळी धावत असेल. दोन्हींवर इलाज आहे. गुणफलक यासाठी की 5-1 असताना शेवटची चार मिनिटं दिली आणि 1-1 असताना दुसऱ्या सत्रात चार मिनिटं दिली, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. दुसऱ्या प्रकारात प्रशिक्षकाचा त्याच्यावर भरवसा असतो.

जागा बदलण्याबद्दल. ‘तो जन्माचा सेंटर फॉरवर्ड आहे’ असं तुम्ही ठामपणे लिहिलंय. ताई, सोळा वर्षांखाली उंच आणि वेगवान मुलगा ‘डी’त उभा राहिला की गोल होतातच. लाल मातीवर चेंडू उडतो, बचावपटूच्या स्टिकवरून निसटतो, आणि जो आधी पोचतो त्याचा गोल. मोठ्यांच्या हॉकीत, पाणी मारलेल्या टर्फवर, बचावपटूचा चेंडू असा सुटत नाही. तिथे गोल हवा असेल तर आधी मान वळवून मागे कोण आहे ते पाहायचं, एकीकडे पळाल्यासारखं करून दुसरीकडे वळायचं आणि अंग गोलकडे वळतं ठेवून चेंडू घ्यायचा. हे उजव्या बगलेवर शिकायला सोपं जातं, कारण चेंडू उजव्या हाताला ठेवून पुढचं सगळं मैदान दिसतं. तिथून गोलरेषेपर्यंत धावून चेंडू मागे कसा सोडायचा, हेही येतं. डावीकडे खेळवला तर उलट्या स्टिकचा फटका बसवावा लागेल, आणि आजच्या फॉरवर्डला त्याशिवाय गत्यंतर नाही. शिवाय फॉरवर्ड हा आता पहिला बचावपटूही असतो. समोरचा बॅक चेंडू घेऊन निघाला की कोणत्या कोनातून धावून त्याचा मधला पास तोडायचा आणि त्याला कडेच्या रेषेकडे ढकलायचा, हे न जमणाऱ्याला कुठलाच प्रशिक्षक मोठ्या सामन्यात वीस मिनिटं देणार नाही, मग तो सरावात कितीही गोल मारो. तुमच्या मुलाला आठच मिनिटं मिळतात त्याचं कारण इथेही असू शकतं. त्याला विचारून बघा.

म्हणजे बगलेवर टाकला यात अपमान नाही. खटकतं ते दीड वर्षात तिसरं काम आणि एकदाही कारण न सांगणं. एक भूमिका अंगवळणी पडायला निदान एक मोसम, दहा-बारा पूर्ण सामने लागतात. त्याआधी काम बदलत असेल तर बहुधा मुलाचा विचार होत नाहीय, संघातली भोकं बुजवली जाताहेत.

ड्रॅगफ्लिकचा हट्ट कुठून येतो तेही सांगायला हवं. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये भारताने कांस्य जिंकलं तेव्हा एकट्या कर्णधार हरमनप्रीतसिंगचे 10 गोल होते, आणि त्यातले बहुतेक पेनल्टी कॉर्नर नाहीतर स्ट्रोकवरचे. साहजिकच प्रत्येक संघाला फ्लिकर हवा असतो आणि उंच मुलगा दिसला की त्याला त्या रांगेत उभं करतात. शिकायला हरकत नाही, कला कामाची आहे. पण फॉरवर्डला तिची किंमत मोजावी लागते. फ्लिकसाठी खालच्या बाजूला जास्त बाक असलेली स्टिक देतात (नियमाने बाक 25 मिलिमीटरपर्यंत चालतो). त्याच स्टिकने सपाट फटका मारताना चेंडू वर उडतो. त्यात ती जास्त कार्बनची, म्हणजे कडक असेल तर येणारा चेंडू थांबवताना उसळतो. मग मुलगा म्हणतो, ‘माझा ट्रॅप बिघडला’. ट्रॅप तोच आहे, स्टिक बदललीय. फ्लिकची स्टिक वेगळी आणि खेळायची वेगळी ठेवावी. पाठ पूर्ण बरी झाल्यावर, डॉक्टरांनी होकार दिल्यावर, या वयात एका वेळी 25-30 फ्लिक आणि आठवड्यात तीन दिवस, लागोपाठ दोन दिवस कधीच नाही, इतकं पुरे.

सहा किलोंचं गणित त्याहून सोपं. वजन वाढवण्याआधी आणि नंतर 10 आणि 20 मीटर धावण्याची वेळ घेतली होती का, एवढंच विचारा. वेळ तीच किंवा कमी असेल तर ते वजन कामाचं. वेळ वाढली असेल तर वेगाच्या जोरावर निवडलेल्या मुलाचा वेगच घालवलाय. वेळ घेतलीच नसेल तर तेही एक उत्तरच झालं.

आता ‘मोठं नाव’. आपल्याकडे व्यावसायिक हॉकी म्हटलं की हॉकी इंडिया लीग डोळ्यांसमोर येते. मोठ्या खंडानंतर ती परत सुरू झाली तेव्हा पुरुषांचा मोसम 28 डिसेंबर 2024 ते 1 फेब्रुवारी 2025 असा पाच आठवड्यांचा होता. तेव्हा संघात 24 खेळाडू होते आणि त्यात चार ज्युनियर सक्तीचे. नियम चांगला, पण सक्तीची जागा भरायला घेतलेला मुलगा आणि घडवायला घेतलेला मुलगा यादीत शेजारी शेजारीच दिसतात. आणि पाच आठवडे सरले की वर्षाचे सत्तेचाळीस उरतात. फॉरवर्ड घडतो तो त्या सत्तेचाळीसमध्ये. यादीतल्या नावावर भुलण्याआधी एप्रिल ते नोव्हेंबरचं वेळापत्रक मागा.

हा रोग फक्त आपल्याकडचा नाही. उत्तर अमेरिकेतल्या एनएचएल या बर्फावरच्या हॉकीत अठरा-एकोणीस वर्षांचा खेळाडू मोसमात दहापेक्षा कमी सामने खेळला तर त्याच्या पहिल्या कराराचं वर्ष पुढे ढकललं जातं. त्यामुळे मुलाला नऊ सामने खेळवून परत ज्युनियरमध्ये धाडायचं की ठेवून घ्यायचं, हा निर्णय दरवर्षी गाजतो, आणि तो घेताना मुलाची तयारी आणि कराराचा फायदा यांची सरमिसळ होते. ठेवून घेतलेले काही मग चौथ्या फळीत रोज सात-आठ मिनिटं खेळत वर्ष काढतात. त्याच लीगमध्ये डेट्रॉइटचा संघ मुलांना मुद्दाम उशिरा वर आणण्यासाठी ओळखला जायचा, आणि तरी त्याने चषक जिंकले.

खाली जाणं म्हणजे संपणं नव्हे, याला घरचाच दाखला आहे. भारताचा फॉरवर्ड मनदीपसिंग 2013 च्या हॉकी इंडिया लीगमध्ये रांची ऱ्हायनोजकडून खेळताना अठरा वर्षांचा झाला, गोल करून सगळ्यांच्या नजरेत भरला, त्याच वर्षी भारताकडून खेळला. 2016 च्या रिओ ऑलिंपिकच्या संघातून मात्र तो बाहेर राहिला. त्याच डिसेंबरात तो लखनौला ज्युनियर विश्वचषक खेळला आणि भारताने तो जिंकला. पुढे टोकियो आणि पॅरिस, दोन्हीकडे त्याच्या गळ्यात कांस्यपदक. मोठ्यांत खेळलेल्या मुलाला परत ज्युनियरमध्ये पाठवलं तर घरात सुतक पाळायचं कारण नाही. तुमच्या मुलाच्या बाबतीत तर तीच मागणी तुम्ही स्वतःहून करावी, असं माझं मत आहे.

सरांशी बोला. डूख धरण्याची भीती रास्त आहे, पण ती बहुधा बोलण्याच्या तऱ्हेवर ठरते. सामना संपल्यावर कुंपणापाशी गाठू नका, व्हॉट्सअॅपवर लांबलचक मजकूर पाठवू नका. वेळ मागून घ्या, मुलाला समोर बसवा, आणि पहिला प्रश्न त्यालाच विचारू द्या: ‘सर, येत्या तीन महिन्यांत माझ्यात कुठल्या दोन गोष्टी सुधारलेल्या दिसल्या तर मला जास्त वेळ मिळेल?’ ‘मला का खेळवत नाही’ असं विचारलं की माणूस बचावाला उतरतो. या प्रश्नाला मात्र उत्तर द्यावंच लागतं. मग तुम्ही चार गोष्टी विचारा. पुढच्या मोसमात तो कोणत्या जागेवर खेळणार, ज्युनियर सामने किती मिळणार, त्याच्या एकूण श्रमांचा हिशोब कोण ठेवतो, आणि पाठीचं काय. श्रमांचा प्रश्न किरकोळ वाटेल, पण अकादमी, मोठा संघ, राज्य आणि शाळा अशा चार ठिकाणी खेळणाऱ्या मुलाचे तास कुणीच एकत्र मोजत नाही. प्रत्येक जण आपापले दोन तास धरतो आणि पोराचे पाच होतात. आठवड्यात एक दिवस पूर्ण मोकळा आणि रात्री आठ तासांच्या वर झोप, यावर तडजोड नको. भेट झाल्यावर ठरलेलं चार ओळींत लिहून ‘आपलं असं बोलणं झालं, बरोबर ना?’ म्हणून ईमेल करा.

चांगला प्रशिक्षक पाच मिनिटांत नेमकं सांगतो: ‘प्रेसमध्ये (समोरच्यावर दबाव टाकताना) उशिरा धावतो, डाव्या बाजूचा चेंडू घेताना अंग गोलकडे वळवत नाही.’ हे ऐकायला मिळालं तर मुलगा योग्य जागी आहे, मिनिटं आठ असोत की चार. ‘मेहनत करत राहा, वेळ येईल’ एवढंच मिळालं तर तीन महिन्यांची मुदत मनाशी धरा आणि वही बघा. वहीतले आकडे होते तिथेच असतील तर त्याला तिथून काढा.

काढून कुठे न्यायचं? गोव्यात आणणं म्हणजे शेवट, असं तुमचे यजमान समजतात; तुम्हाला ती सुटका वाटते. दोन्ही अर्धवट. इथे घर आहे, पेडेचं टर्फ आहे, राज्याच्या ज्युनियर संघात जागा मिळाली तर राष्ट्रीय स्पर्धेत पूर्ण सामने आहेत. पाठ आणि मन दोन्ही सावरायला सहा महिने इथे चांगले जातील. पण सामने थोडे, पावसाळ्याचे चार महिने कठीण, आणि स्पर्धा इतकी सोपी की तो पुन्हा उभ्या उभ्या गोल मारील आणि सगळ्यांना वाटेल, बरा झाला. 1948 च्या ऑलिंपिकमध्ये सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय संघातले लिओ पिंटो आणि मॅक्सी वाझ हे गोमंतकीय वंशाचे खेळाडूसुद्धा मुंबईच्या मैदानांवरूनच पुढे आले. हॉकीसाठी बाहेर जावं लागतं हे नवं नाही. म्हणून मधली वाट बघा: दुसरी अकादमी किंवा क्रीडा वसतिगृह, नाव लहान असलं तरी चालेल, जिथे त्याच्या वयाच्या फॉरवर्डना वर्षात तीसेक सामने मिळतात. जाण्याआधी तिथल्या दोन मुलांच्या पालकांना फोन करा आणि फक्त सामन्यांची संख्या आणि गेल्या दोन वर्षांत प्रशिक्षक किती बदलले हे विचारा. नोंदणी बदलायला ना-हरकत पत्र लागेल का, मुदत कधीची, करारात भरपाईचं कलम आहे का, हेही राजीनाम्याआधी लेखी विचारून घ्या.

स्टिक पिशवीतून न काढण्याबद्दल मला इतर गोष्टींइतकी काळजी वाटत नाही. दीड वर्षानंतर चवथीला घरी आलेल्या मुलाला चार दिवस गणपतीपुढच्या माटोळीखाली लोळायचं असेल तर लोळू दे. पण परत जायच्या आदल्या दिवशी तो गप्प होतो का, झोपत नाही का, जेवण टाकतो का, हे बघा. तसं असेल तर तीन महिन्यांची मुदत विसरा आणि लगेच घेऊन या.

राहता राहिली नोकरी. यजमानांना सांगा, खेळाडू कोट्यातून भरती होते ती कोणत्या स्पर्धेत कुठल्या संघाकडून खेळला आणि कितवा क्रमांक आला याच्या प्रमाणपत्रांवर, आणि शिक्षणाच्या अटीवर. अकादमीच्या टी-शर्टला तिथे किंमत नाही. त्यामुळे बारावी सुटता कामा नये. तिथल्या कॉलेजात जमत नसेल तर एनआयओएसची (राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची) सोय आहे, आणि गोव्यात परतला तर इथल्या हायर सेकंडरीत प्रवेशाचं आणि गोवा बोर्डाच्या खेळाच्या गुणांचं आधी विचारून ठेवा. घरात एक फाइल करा: जन्मदाखला, नोंदणीचा क्रमांक, आजवरची सगळी प्रमाणपत्रं, करार, वैद्यकीय कागद. कुठल्या स्पर्धेचं प्रमाणपत्र अजून मिळालेलं नाही ते बघा आणि याच महिन्यात मागून घ्या. संघ सोडल्यावर ते मागायला गेलात तर उगाच खेटे पडतात.